बीएमडब्ल्यूचं एका रांगेतलं सहा सिलिंडर इंजिन: घ्यावं की टाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००९ ची ३२५आय, पेट्रोल, एकाच मालकाची, दिसायला टापटीप, मिळते आहे. विकणारा सांगतो की बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडर इंजिन मरतच नाही. मित्र सांगतात की वॉरंटी संपलेली जर्मन गाडी म्हणजे दर महिन्याला गॅरेजचं बिल. ऐकायचं कोणाचं, आणि या घराण्यातलं नेमकं कोणतं इंजिन भरवशाचं?

दोघांचंही अर्धं खरं आहे. मी पुण्यात ही इंजिनं खोलतो आणि बांधतो, आणि माझं मत पक्कं आहे. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, टायमिंग चेन हा या इंजिनाचा गाभा नीट तेल मिळालं तर सहज दोन-अडीच लाख किलोमीटर जातो. आधी मोडतो तो भोवतालचा पसारा: वॉटर पंप, थर्मोस्टॅट, प्लास्टिकच्या नळ्या, रबराची पॅकिंग. तो वेळेत बदलला तर विकणारा खरा ठरतो. बदलला नाही तर तोच पसारा गाभ्याला मारतो आणि मित्र खरे ठरतात. त्यामुळे 'इंजिन कसं आहे' यापेक्षा 'या गाडीत उष्णता आणि तेल कोणी सांभाळलं' हा प्रश्न विचारायला हवा.

या कंपनीची मुळंच सहा सिलिंडरांत आहेत. १९१७ चं माक्स फ्रित्सनं आखलेलं बीएमडब्ल्यू-३ए हे विमानाचं इंजिन एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचं होतं. १९३३ च्या ३०३ या गाडीत कंपनीचं पहिलं सहा सिलिंडर मोटारइंजिन आलं. आपण आज ज्या वंशाबद्दल बोलतो तो १९६८ च्या एम३० या इंजिनापासून धरायचा, आणि १९७७ मध्ये त्याला एम२० हा लहान भाऊ मिळाला. मधल्या काळात बऱ्याच कंपन्यांनी ही रचना सोडली, कारण लांब इंजिन आडवं बसत नाही आणि पुढच्या धडकेत चुरगळायला जागा कमी उरते. मर्सिडीजनं १९९७ च्या सुमाराला व्ही-६ धरलं आणि २०१७ मध्ये एम२५६ घेऊन पुन्हा सरळ रांगेत आली. बीएमडब्ल्यूनं ही रांग कधीच मोडली नाही.

रांग टिकवण्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. चार सिलिंडर इंजिनात पिस्टन वर-खाली होताना दुसऱ्या क्रमाचा, म्हणजे क्रँकच्या दुप्पट वेगाचा, थरथराट शिल्लक राहतो. व्ही-६ मध्ये इंजिनाला टोकांवर हेलकावणारं बल उरतं, ते मारायला कुठे बॅलन्स शाफ्ट घालावा लागतो तर कुठे माउंट मऊ करावे लागतात. एका रांगेतल्या सहांमध्ये क्रँकचे पिन १२० अंशांवर असतात, आणि पहिले तीन पिस्टन हे मागच्या तिघांचं आरशातलं रूप. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमाची सगळी बलं आणि हेलकावे आपसांत फिटतात, वेगळा शाफ्ट लागत नाही. क्रँकला सात मेन बेअरिंग मिळतात, म्हणजे प्रत्येक कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही बाजूंना आधार. लांब क्रँक पिळवटते ही या रचनेची कमजोरी. म्हणून पुढच्या टोकाला रबरी डँपर असलेली पुली असते. ती पुली जुनी झाली, रबर सुटलं, की इंजिन चालू असताना ती डगमगताना दिसते. असं दिसलं तर तिथेच थांबा.

आता पिढ्या. १९९० च्या एम५० मध्ये दोन कॅमशाफ्ट, २४ वॉल्व्ह आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक आला, आणि एम२० चा टायमिंग बेल्ट जाऊन चेन आली. १९९२ मध्ये इनटेक कॅमची वेळ बदलणारी व्हॅनोस त्याला जोडली. हे इंजिन जवळजवळ अभंग. वजन कमी करायला १९९४ च्या एम५२ मध्ये बहुतेक बाजारांत ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि बोअरवर निकासिलचा थर दिला. निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा हा थर झिजेला कमालीचा चिवट, पण ब्रिटनसारख्या ठिकाणी पेट्रोलमधल्या जास्त गंधकानं तो खाल्ला, कॉम्प्रेशन गेलं, आणि १९९८ च्या सुधारित एम५२ पासून ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर आले. आपल्याकडे बीएस-३ पेट्रोलमध्येसुद्धा गंधकाची मर्यादा १५० पीपीएम होती, आज बीएस-६ मध्ये ती १० आहे. जुनी, आयात केलेली एम५२ कोणी विकायला आणली तर ब्लॉक कोणता आहे हे आधी बघावं, ते याच कारणानं.

२००० ते २००६ चं एम५४ हे अनेक मेकॅनिकांचं लाडकं. तीन लिटरचं रूप २९७९ सीसी, २३१ अश्वशक्ती. थेट इंजेक्शन (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये सोडणं) नाही, टर्बो नाही, साध्या पान्यांनी बरंचसं काम होतं. त्याची दुखणी जगभर सारखीच: तीन लिटरवालं तेल खातं, कारण तेलाच्या रिंगा कमी ताणाच्या आणि त्यांच्या खाचांत कार्बन बसतो, क्रँककेसची वाफ वेगळी करणारा प्लास्टिकचा सेपरेटर आणि त्याच्या नळ्या वाळून फुटतात, व्हॅनोसच्या पिस्टनवरचे रबरी सील कडक होतात आणि खालच्या आरपीएमला जोर कमी होतो. यातलं एकही गाडी रस्त्यात संपवत नाही. संपवते ती तापलेली गाडी. ॲल्युमिनियमचा ब्लॉक एकदा भरपूर तापला की हेडच्या बोल्टांचे आटे, विशेषतः मागच्या बाजूचे, ब्लॉकमधून सुटून येतात. मग नुसतं हेड फेस करून नवं पॅकिंग टाकणं म्हणजे ग्राहकाचे पैसे पाण्यात; आट्यांत स्टीलचे इन्सर्ट बसवल्याशिवाय ते हेड धरत नाही.

तुमच्या ३२५आयमध्ये एन५२ आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. या घराण्यातलं मला सगळ्यात देखणं वाटणारं काम हेच.

२००४ मध्ये हे आलं तेव्हा बीएमडब्ल्यूनं ब्लॉकसाठी मॅग्नेशियम वापरलं. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं हलकं, पण ते कूलंट सोसत नाही, ज्वलनाची उष्णता सोसत नाही, आणि लोखंडी बोल्टला चिकटून ओलाव्यात गंजतं. म्हणून त्यांनी सिलिंडर आणि कूलंटच्या वाटा असलेला ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा गाभा आधी ओतला आणि त्याच्याभोवती मॅग्नेशियमचं कवच ओतलं. पाणी मॅग्नेशियमला लागतच नाही. बोल्ट ॲल्युमिनियमचे केले, म्हणजे गंजही टळला आणि उष्णतेनं होणारं प्रसरणही जुळलं. तीन लिटरचं इंजिन १६१ किलोचं आणि २५८ अश्वशक्तीचं झालं. तुमचं अडीच लिटरवालं २४९७ सीसी, २१८ अश्वशक्ती.

याचा गॅरेजमधला अर्थ नीट समजून घ्या. ते ॲल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे. ते ठरावीक टॉर्कला आवळून मग ठरावीक अंशांनी ताणायचे असतात, त्या ताणात ते कायमचे लांबतात. जुना बोल्ट पुन्हा लावला तर तो आवळताना तुटतो किंवा नंतर ढिला पडतो. त्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला स्टीलचा बोल्ट लावला तर मॅग्नेशियमचे आटे गंजतात. वॉटर पंपासारख्या साध्या कामातसुद्धा हे लागू आहे. म्हणून मेकॅनिकला एकच विचारा: बोल्ट नवे टाकणार का? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा मेकॅनिक शोधा.

दुसरी गोष्ट व्हॅल्व्हट्रॉनिक. साध्या इंजिनात थ्रॉटलची पाकळी हवा अडवते आणि इंजिन त्या अडथळ्यातून हवा ओढताना शक्ती वाया घालवतं. इथे विजेची मोटर एक उत्केंद्री (मध्यापासून सरकलेला) शाफ्ट फिरवून इनटेक वॉल्व्ह किती उघडायचा तेच बदलते. हवा वॉल्व्हच मोजतो. इंधन वाचतं, पेडल दाबल्यावर उत्तर झटपट मिळतं. त्या शाफ्टची जागा सांगणारा सेन्सर वॉल्व्ह कव्हरखाली असतो आणि त्यात तेल शिरलं की इंजिन अडखळतं किंवा कमी ताकदीच्या मोडमध्ये जातं. सेन्सर बदलायला कव्हर काढावंच लागतं, म्हणून कव्हरचं पॅकिंग त्याच वेळी नवं टाकावं.

बरेच जण थंड इंजिनाच्या टकटक आवाजाला घाबरतात. एन५२ च्या सुरुवातीच्या हेडमध्ये हायड्रॉलिक टॅपेटना तेल पोचवणारी रचना अशी होती की सतत लहान अंतराच्या फेऱ्यांत त्यांत हवा अडकते. कंपनीनं पुढे हेड सुधारलं. लांब फिरवल्यावर, इंजिन नीट तापवून आरपीएम वर नेल्यावर आवाज जात असेल तर ते त्रासदायक आहे, घातक नाही. मात्र तापल्यावरही टिकणारा आणि आरपीएमबरोबर वाढणारा जड ठोका वेगळा. तो बेअरिंगचा असू शकतो.

आता मुख्य मुद्दा, कूलिंग. एन५२ चा वॉटर पंप पट्ट्यावर फिरत नाही, विजेवर चालतो. इंजिनाच्या गरजेप्रमाणे पाणी कमी-जास्त फिरवता येतं, आणि इंधन वाचवायला कंट्रोल युनिट कमी भारावर कूलंट मुद्दाम १०० अंशांच्या वर ठेवतं, भार वाढला की खाली आणतं. हुशार कल्पना आहे, पण याचा अर्थ पॅकिंग, नळ्या, टाकीचं प्लास्टिक आयुष्यभर जास्त उष्णतेत शिजतं. वर आपला उन्हाळा आणि सिग्नलची रांग. विजेचा पंप एक लाख किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो, कधी आधी, कधी नंतर, आणि बेअरिंगचा आवाज न करता एकदम थांबतो. ई९० च्या, म्हणजे तुमच्या ३२५आयच्या पिढीच्या, डॅशबोर्डवर कूलंटच्या तापमानाचा काटाच नाही. पिवळी खूण आली की गाडी बाजूला घ्या, लाल खूण आली की त्याच क्षणी बंद करा. घाट चढून वरच्या टपरीपर्यंत नेऊ या, असं अजिबात करू नका. याच शेवटच्या टप्प्यात हेड वाकतं.

माझा नियम असा: पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही एकत्र, बिघडण्याची वाट न बघता, ऐंशी हजार ते एक लाखाच्या मध्ये बदलायचे. नवा पंप बसवल्यावर हवा काढण्याची पद्धतही वेगळी. चावी चालू, इंजिन बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा सगळ्यात कमी, मग ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरायचा. पंप स्वतःहून सुमारे बारा मिनिटं चालतो आणि हवा बाहेर ढकलतो. बॅटरीला चार्जर लावून हे करावं. जुन्या गाड्यांसारखं रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन रेटत बसलं की हवा आत राहते आणि चांगला पंप बदनाम होतो. कूलंटही त्याच प्रकारचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको.

दुसरी जागा तेलाच्या फिल्टरच्या घरट्याचं पॅकिंग. हे या सगळ्या इंजिनांत, एम५४ पासून एन५५ पर्यंत, गळतं. पॅकिंग स्वस्त, पण त्याच्या गळतीची साखळी महाग. तेल खाली ओघळतं आणि समोरच्या पट्ट्यावर येतं. रबर फुगतं, पट्टा पुलीवरून घसरतो, त्याचे धागे क्रँकच्या पुलीमागे गुंडाळले जातात, आणि फिरणारी क्रँक ते पुढच्या सीलमधून आत खेचते. धागे तेलाच्या टाकीत पोचले तर ते पंपाची जाळी अडवतात आणि तेलाचा दाब जातो. म्हणून पट्ट्याच्या बाजूला तेलाचा ओलेपणा दिसला तर 'थोडंसंच आहे' म्हणून सोडू नका. धुवायला लावा, दोन दिवस चालवा, पुन्हा बघा.

तेलाबद्दल. या गाडीला डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवर बघावी लागते, आणि इंजिन तापल्यावरच तो आकडा खरा. पोटात साडेसहा लिटर मावतं. सर्व्हिसचा निर्देशक पंचवीस हजारांपर्यंत थांबू देतो. युरोपच्या मोकळ्या हायवेवर ते चालतं असं मानू, पण पुणे-मुंबईच्या रहदारीत तेच इंजिन तासन्‌तास रेंगाळतं, किलोमीटर कमी पण तास जास्त. दर आठ-दहा हजारांला किंवा वर्षाला एकदा बदला, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ मान्यतेचंच घ्या, ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०. रिंगांत कार्बन बसून तेल खाण्याचा त्रास मुख्यतः लांबलेल्या तेलामुळेच येतो. एन५२ चं बोअर सिलिकॉनच्या कणांवर घासतं, त्यात लायनर नाही. नेहमीच्या पद्धतीनं बोअर करून होन मारला की तो पृष्ठभाग गेला. तेल खाणारं एन५२ स्वस्तात मिळालं तरी मी नको म्हणेन.

पेट्रोलचं म्हणाल तर अडीच लिटरचा कॉम्प्रेशन ११ ला १ आहे. नॉक सेन्सर इंजिन वाचवतो, पण ९५ ऑक्टेन मिळालं तर ते भरा. इथेनॉलच्या बाबतीत या काळातल्या गाड्या १० टक्क्यांच्या मिश्रणापर्यंत आखलेल्या आहेत. ई२० भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका आणि इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला हातानं चाचपायला सांगा.

कंपनीनं स्वतः परत बोलावलेल्या दोन गोष्टी विचारून घ्या. २०१४ मध्ये २०१० ते २०१२ च्या सहा सिलिंडर गाड्यांतले व्हॅनोसच्या घरट्याचे बोल्ट ढिले पडू शकतात म्हणून रिकॉल झाला. २०१७ मध्ये अमेरिकेत २००७ ते २०११ च्या गाड्यांतल्या क्रँककेस वाफेच्या वॉल्व्हचा हीटर शॉर्ट होऊन आग लागण्याच्या धोक्यामुळे लाखो गाड्या परत बोलावल्या. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दोन्ही तपासता येतात.

टर्बोवाल्यांबद्दल थोडक्यात. २००६ चं एन५४ दोन टर्बो, थेट इंजेक्शन, ३०६ अश्वशक्ती. मॅग्नेशियम टर्बोचा भार सोसणार नाही म्हणून ब्लॉक पुन्हा पूर्ण ॲल्युमिनियमचा आणि लायनर लोखंडाचे केले, आणि ते गाभे इतके मजबूत निघाले की लोक त्यांतून दुप्पट ताकद काढतात. पण हाय प्रेशर पंपासाठी अमेरिकेत २०१० मध्ये रिकॉल झाला, पिएझो इंजेक्टरांच्या सुधारित आवृत्त्या एकामागून एक आल्या, वेस्टगेट (टर्बोकडे जाणारा जादा धूर वळवणाऱ्या झडपा) खडखडतात, आणि पेट्रोल वॉल्व्हवर पडत नसल्यानं इनटेक वॉल्व्हवर कार्बन साचतो, जो अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून काढावा लागतो. पहिली जर्मन गाडी म्हणून ते घेऊ नका. २००९ चं एन५५ एका ट्विन-स्क्रोल टर्बोवर आणि साध्या सोलेनॉइड इंजेक्टरांवर आलं, आणि स्वभावानं बरंच शांत आहे. पॅकिंग आणि पंपाची कहाणी तीच. टर्बो नसलेल्या, थेट इंजेक्शनच्या एन५३ ला अतिशय कमी गंधकाचं पेट्रोल लागत असे, म्हणून ते अमेरिकेत गेलंच नाही. बाहेरून आणलेली एन५३ दिसली तर दूर राहा.

आणि २०१५ चं बी५८. २९९८ सीसी, प्रत्येक सिलिंडर जवळपास ५०० सीसीचा, वरून बंद डेकचा ब्लॉक, बोअरवर तारेनं फवारलेला लोखंडाचा पातळ थर, आणि पाण्यानं थंड होणारा इंटरकूलर थेट इनटेकमध्ये. टोयोटानं २०१९ च्या सुप्रासाठी हेच निवडलं, आणि टोयोटा दुसऱ्याचं इंजिन सहज स्वीकारत नाही. चेन मात्र गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिचं काम निघालं तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आतापर्यंत चेन हे त्याचं नेहमीचं दुखणं ठरलेलं नाही. बजेट ताणता आलं तर माझी पहिली शिफारस हीच.

तुमच्या गाडीकडे. बघायला सकाळी, इंजिन रात्रभर थंड असताना जा. विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. बॉनेट उघडून फिल्टरच्या घरट्याखाली आणि वॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कडेला टॉर्च मारा. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण सैल करा: हलकी ओढ ठीक, झाकण हाताला चिकटून शिट्टी वाजत असेल तर क्रँककेसच्या वाफेच्या वॉल्व्हमधला पडदा फाटला. चांगल्या स्कॅनरवर बिघाडाचे जुने कोड, इंधनाचे ट्रिम (कंट्रोल युनिट इंधन किती कमी-जास्त करतं तो आकडा) आणि पंपाच्या नोंदी वाचून घ्या. कोड सगळे नुकतेच पुसलेले दिसले तर पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा वाचा. लांब उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून खाली आलात आणि परत दाबलात तेव्हा मागे निळा धूर आला, तर रिंगा किंवा वॉल्व्ह सील संशयात.

वॉटर पंप बदलल्याची पावती आहे का हे सगळ्यात आधी विचारा. नसेल तर पंप, थर्मोस्टॅट, फिल्टरच्या घरट्याचं पॅकिंग, पट्टा आणि नवे बोल्ट यांचं कोटेशन कोणत्याही स्वतंत्र गॅरेजकडून लेखी घ्या, ती रक्कम किमतीतून वजा करायला सांगा, आणि गाडी ताब्यात आल्या आल्या लांबच्या सहलीआधी ते काम करून टाका. विकणारा यावर तयार असेल आणि थंड इंजिन गुपचूप सुरू होत असेल, तर ही ३२५आय घ्या.